मदत हवी आहे: युजेबिलिटी टेस्टिंगला बसवलं की सगळे "छान आहे" म्हणतात, खऱ्या अडचणी काढायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

मुंबईत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन (माणसं कॉम्प्युटर-मोबाइल कसे वापरतात याचा विषय) घेतलंय. आमच्या ग्रुपने हाउसिंग सोसायटीसाठी ॲपचं प्रोटोटाइप (वापरून बघण्यापुरता कच्चा आराखडा) केलंय: मेंटेनन्सचं बिल, जुन्या पावत्या, तक्रारी, जनरल बॉडीच्या नोटिसा. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मोबाइलवर चालतं. आता त्याचं युजेबिलिटी टेस्टिंग करून, म्हणजे लोकांना वापरायला देऊन ते कुठे अडतात ते बघून, रिपोर्ट द्यायचाय. वर्गात पद्धती सगळ्या झाल्या, ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशनपासून (ठरलेल्या नियमांवर डिझाइन तपासणं) थिंक-अलाउडपर्यंत (वापरताना मनातलं मोठ्याने बोलायला लावणं). व्याख्या पाठ आहेत. समोर जिवंत माणूस बसला की काय करायचं, ते मात्र नोट्समध्ये नाही.

पहिली फेरी मुलुंडला आमच्याच सोसायटीत घेतली. पाच जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. पहिलं टास्क होतं "तक्रार नोंदवा मध्ये जाऊन लिफ्ट बंद असल्याची तक्रार टाका." सगळ्यांनी झटक्यात केलं. दुसरं, "मागच्या तिमाहीची पावती शोधा." चौघांना सापडली, पण चाचपडत. तळमजल्यावरच्या काकू आधी "नोटिसा" मध्ये गेल्या, मागे आल्या, बिलावर बोट नेलं, दाबलं नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मनात येईल ते मोठ्याने बोला असं आधी सांगितलं होतं, तरी गप्प. परत विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे, तू एवढं केलंयस, छानच आहे. मलाच हल्ली मेलं काही जमत नाही." शेवटी एसयूएसचा (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) फॉर्म दिला, त्यात दहा वाक्यांपुढे १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) यांपैकी टिक करायची असते. त्यावर दहाही वाक्यांपुढे ५ वर टिक!

तर प्रश्न असे. लोकांना बोलतं कसं करायचं? पाच माणसं पुरतात का? सर म्हणतात पुरतात, ग्रुपमधली एक जण म्हणते तीस तरी हवीत. आणि काकूंच्या फॉर्मचं काय करू, धरू की सोडू?

---

पवईचा पाहुणा

याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टास्क. पहिलं सगळ्यांनी झटक्यात केलं यात आश्चर्य काय? बटणावर "तक्रार नोंदवा" लिहिलंय आणि टास्कमध्येही तेच शब्द. तुम्ही उत्तर हातात देऊन पेपर सोडवून घेतलात. ॲपवरचा एकही शब्द टास्कमध्ये येऊ द्यायचा नाही. "सकाळपासून लिफ्ट बंद आहे, सेक्रेटरी फोन उचलत नाहीत. त्यांच्यापर्यंत हे पोचवा." एवढंच सांगा आणि बघा कुठे जातात.

आता "छान आहे" चं. ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. आपल्याकडे समोरच्याच्या कष्टाला नावं ठेवणं जिवावर येतं, त्यात तो शेजारचा मुलगा. अपाला लाहिरी चव्हाण यांनी ह्युमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या युजेबिलिटीच्या कंपनीत काम करताना यावरच तोडगा काढला होता, "बॉलीवूड मेथड" नावाने प्रसिद्ध आहे. साधं "विमानाचं तिकीट काढा" न म्हणता गोष्ट रचायची: तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय, आणि अचानक कळतं की नवरा मुलगा सुपारी घेणारा गुंड आहे, शिवाय त्याचं आधीच लग्न झालंय. पुरावा तुमच्याकडे आहे, ताबडतोब बंगळुरूला पोचायचंय, काढा तिकीट! माणूस गोष्टीत शिरला की भीड विसरतो आणि अडला की चिडून बोलतो. आपल्याला तेच हवं असतं.

तुमच्या पावतीचंही तसं करा. "नव्या सेक्रेटरीने थकबाकीदारांच्या यादीत तुमचं नाव नोटीस बोर्डावर लावलंय. तुम्ही तर पैसे भरलेत. उद्या जनरल बॉडी आहे, सगळ्यांसमोर दाखवायला पावती काढा." मग बघा काकू गप्प बसतात का!

दुसरा उपाय, दोघींना एकत्र बसवा. काकू आणि त्यांची शेजारीण, फोन एकीच्या हातात. तुमच्याशी न बोलणाऱ्या काकू तिच्याशी बोलतीलच, "अगं इथे दाब ना", "नको, पैसे कटतील". (काकूंनी बिल का दाबलं नाही याचं कारण मला तरी हेच वाटतं. विचारून खात्री करा.) नवरा-बायको किंवा आई-मुलगा अशी जोडी मात्र नको, एक जण फोन काढून घेतो आणि दुसरा बघत बसतो.

तिसरं, तुम्ही स्वतः समोर बसूच नका. वर्गातल्या दुसऱ्या ग्रुपशी अदलाबदल करा. त्यांनी तुमचं प्रोटोटाइप घेऊन बसायचं, तुम्ही त्यांचं. मग "हे आम्ही बनवलेलं नाही, बिनधास्त नावं ठेवा" हे खरंच सांगता येतं.

आणि मोठ्याने बोला असं नुसतं सांगून कुणी बोलत नाही. आधी स्वतः करून दाखवा, दुसऱ्याच कुठल्यातरी ॲपवर. मध्ये गप्प झाले तर "बोलत राहा" एवढंच. "असं का केलंत?" विचारलंत की माणूस सफाई द्यायला लागतो. त्यातून नाहीच बोलले तर स्क्रीन रेकॉर्डिंग नंतर दाखवून "इथे काय शोधत होतात?" असं विचारा.

---

आकडेबाज

पाचाचा आकडा कुठून आला ते समजून घ्या, व्हायवाला विचारतातच. नील्सन आणि लँडाउअर या युजेबिलिटीच्या संशोधकांचं १९९३ चं मॉडेल आहे. एका माणसाकडून एखादी अडचण उघड होण्याची शक्यता त्यांनी सरासरी ३१ टक्के धरली. मग पाच जणांत ती सापडण्याची शक्यता १ वजा ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ८५ टक्के. पण ही सरासरी आहे. फॉकनर या संशोधकांनी २००३ मध्ये ६० जणांच्या माहितीतून पाचपाचांचे गट काढून पाहिले, तर एखाद्या गटाला जेमतेम ५५ टक्के अडचणी सापडल्या, एखाद्याला जवळपास सगळ्या. शिवाय नील्सनचा सल्ला "पाच करा आणि थांबा" असा नाहीच. पंधरा जण मिळणार असतील तर पाचपाचाच्या तीन फेऱ्या घ्या आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये डिझाइन सुधारा, असा आहे. हा अर्धा भाग बहुतेक वर्गांत गाळला जातो.

तुमची मैत्रीण म्हणते तेही खोटं नाही, तिचा प्रश्न वेगळा आहे. अडचणी शोधायला थोडी माणसं चालतात, मोजमाप करायला जास्त लागतात. पाचातल्या चौघांना पावती सापडली म्हणून "८० टक्के यश" लिहू नका. एवढ्या नमुन्यावर ९५ टक्के विश्वास-अंतर (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असू शकतं तो पट्टा) साधारण ३६ ते ९८ टक्के येतं. "५ पैकी ४" असंच लिहा. आणि मोठ्याने बोलायला लावलंत त्या फेरीतले सेकंद मोजून वेळेचे दावेही करू नका.

काकूंचा फॉर्म: एसयूएस जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केला, त्यात एक वाक्य कौतुकाचं, एक तक्रारीचं असं आलटून पालटून आहे. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. दहाही ठिकाणी ५ वर टिक केलं तर ५० येतात. दहाही ठिकाणी १ वर टिक केलं तरी ५०! म्हणजे वाक्यं वाचलेली नाहीत. सरासरीत धरू नका, पण वगळला हे रिपोर्टमध्ये लिहा. पुढच्या वेळी वाक्यं तुम्हीच एकेक वाचून दाखवा. ५० म्हणजे ५० टक्के नव्हे हेही लक्षात असू द्या, या मापावर सरासरी ६८ च्या आसपास असते.

---

स्लो लोकल

वरच्या दोघांना +१. माझं एकच: रेकॉर्डिंगची लेखी संमती मराठीतून घ्या, आणि टेस्टिंग त्यांच्या फोनवर नको, तुमच्या फोनवर करा. आमच्या वेळी एकांच्या स्क्रीनवर मधेच बँकेचा ओटीपी आला आणि तो रेकॉर्डिंगमध्ये गेला. सगळी फाइल डिलीट करावी लागली.

---

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार! काकूंना आत्ताच जिन्यात विचारलं. पवईकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला, "बिल दाबलं आणि पैसे गेले तर?" म्हणाल्या. म्हणजे पावत्या बिलाच्या आत ठेवणंच चुकतंय, त्या होम स्क्रीनवर आणतोय.

अदलाबदलीला दुसरा ग्रुप तयार आहे. थकबाकीदारांची गोष्ट आमच्या सेक्रेटरींना कळू न देता वापरावी लागेल एवढंच. दुसरी फेरी जोड्यांनी, रविवारी दुपारी. मुलुंड-भांडुपकडे साठीच्या पुढची, स्मार्टफोन वापरणारी आणि आम्हाला न ओळखणारी एखादी जोडी कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि करा.