खाडीकाठच्या जुन्या घराला खोली वाढवायची आहे, सल्ला हवा

पडवीवाला:
आमचं घर मालवण तालुक्यात, कालावल खाडीच्या काठी. चिऱ्याचं, कौलारू, आजोबांनी बांधलेलं. घरपट्टीची सर्वांत जुनी पावती 1974ची सापडली आहे. आई आता तिथे एकटीच असते आणि संडास-न्हाणी घराबाहेर. गेल्या पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन जाताना शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, नशीब. म्हणून मागच्या बाजूला एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम काढायचं आहे. 12 बाय 18 फूट, त्याहून जास्त नाही.

घरामागे चार माड, मग बांध, आणि बांधापलीकडे लगेच तिवरांचं रान. कंत्राटदार म्हणतो, दोन डंपर माती टाकू, चिऱ्याची भिंत घालू, इथे कोण बघायला येतंय! मला ते पटत नाहीये. परवानगी कुठून घ्यायची, शोषखड्डा कुठे काढायचा? अनुभवी लोकांनी सांगा.

जांभा_चिरा:
आधी टेप घ्या आणि मागच्या भिंतीपासून तिवरांपर्यंत मोजा. पाण्यापर्यंत नव्हे, तिवरांपर्यंत. इथेच बहुतेकांचं चुकतं, ओहोटीचं पाणी बघून "खाडी लांब आहे" म्हणतात.

सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 2019च्या अधिसूचनेप्रमाणे खारफुटीचं, म्हणजे तिवरांचं, क्षेत्र 1000 चौरस मीटरहून जास्त असेल, तर तिच्या कडेने 50 मीटरचा पट्टा राखायचा असतो, आणि तो पट्टाही खारफुटीच्याच वर्गात जातो. याशिवाय गावाकडच्या भागात खाडीच्या भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी असेल तेवढं ना-विकास क्षेत्र. म्हणजे रेषा दोन आहेत. एकीतून सुटलात म्हणून दुसरीतून सुटलात असं नाही. "तिवरं आमच्याच सातबाऱ्यात आहेत" हेही चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005च्या अंतरिम आदेशातच सांगितलं होतं, जमीन कोणाचीही असो, खारफुटीपासून 50 मीटरमध्ये बांधकाम नको. 2018च्या निकालातही तेच धरलं आहे.

खाजणातली:
त्या कंत्राटदाराला बदला. आमच्या वाडीत एकान असोच भराव घातल्यान. पयल्या वर्षी काय झाला नाय, दुसऱ्या पावसात पाणी फिरला आणि बाजूच्याच्या खळ्यात इला.

भरावाखाली तिवरं लगेच मरत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं काही बिघडलं नाही. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं बघितलीत ना? झाड त्यांतूनच श्वास घेतं. मातीने ती बुजली की आधी पानं पिवळी पडतात, मग फांद्या वाळतात, आणि मग उधाणाचा मारा थेट बांधावर. तुमचा बांध टिकलाय तो त्या मुळांमुळे.

एकटा_माड:
गरिबाच्या संडासाला नियम, आणि किनाऱ्यावर दुमजली रिसॉर्टं उठतायत त्यांना? आधी त्यांना विचारा म्हणावं. 1974चं घर आहे, बिनधास्त बांधा.

जांभा_चिरा:
माडराव, राग बरोबर आहे, सल्ला चुकीचा. तक्रार झाली तर निस्तरायचं आईंना एकटीने. पण 1974ची पावती खरंच कामाची आहे. सीआरझेडची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991ची, घर त्याआधीचं. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी ना-विकास क्षेत्रातही करता येते, फक्त जोतं आणि चटईक्षेत्र (एकूण बांधकामाचं क्षेत्रफळ) वाढता कामा नये. पडवीवाले, ती पावती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत जपून ठेवा.

पडवीवाला:
रविवारी गावी जाऊन मोजलं. टेपचं एक टोक आईने धरलं होतं, दर दहा मीटरला "पुरे झाला?" विचारत होती. मागच्या भिंतीपासून पहिल्या मुळांपर्यंत 34 मीटर. घर मागच्या भिंतीपासून पुढच्या पडवीच्या कडेपर्यंत 12 मीटर. म्हणजे 50ची रेषा पुढच्या पडवीच्याही चार मीटर पुढे, खळ्यात, तुळशीच्या जवळपास येते. अख्खं घरच पट्ट्यात! रस्त्याच्या बाजूचा रिकामा गोठा मात्र 58 मीटरवर आहे.

कौलं_आणि_वासे:
मग मागची खोली विसरा. गावाकडची बरीच जुनी घरं दुरुस्त केली आहेत, त्यावरून सांगतो.

संडास-बाथरूम जोत्याच्या आतच बसवा. पुढच्या पडवीचं एक टोक पाच बाय आठ फूट मिळालं तरी म्हाताऱ्या माणसाला पुरतं. कमोड, भिंतीला धरायची दांडी, खडबडीत फरशी. फक्त पडवी बंद करण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना 8चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा. पडवी त्यात क्षेत्रफळात धरलेली नसेल तर चटईक्षेत्र वाढवलंत असं म्हणू शकतात. ज्यादा खोली हवीच असेल तर गोठ्याच्या जागी बघा. तिथे जायच्या आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि ती रेषा सीआरझेडच्या मंजूर नकाशावर घाला. तुमचा टेप कार्यालयात कोणी मानणार नाही. स्वतः राहायचं घर 300 चौरस मीटरपर्यंत असेल तर मंजुरी स्थानिक पातळीवरच मिळते, मुंबईला फाइल जात नाही. पण त्यांनाही अधिसूचनेला धरूनच द्यावी लागते. घर गावठाणात आहे की बाहेर, हे आधी विचारा. कोणाच्या टेबलावर अर्ज द्यायचा ते त्यावर ठरतं.

शोषखड्डा घर आणि खाडीच्या मधे अजिबात नको. आणि विहीर कुठे आहे? जांभ्यात पाणी गाळून निघत नाही, भोकाभोकांतून सरळ विहिरीत उतरतं.

पडवीवाला:
विहीर दक्षिणेला, गोठा उत्तरेला. जमते आहे दिशा.

खाजणातली:
टाकी पक्की बांधा, पावसात तिथे पाणी वर येत असणार. आणि न्हाणीचं पाणी तिवरांत सोडू नका, कर्दळीचा वाफा करा. आमच्याकडे केलाय, वास नाही की डास नाहीत.

पडवीवाला:
नमुना 8 काढला. पडवी त्यात आहे, "पडवीसह" असं स्वच्छ लिहिलंय! मोजणीचा अर्ज दिला. कंत्राटदाराला नको सांगितलं, तर म्हणाला माती आधीच बुक केली आहे. करू दे. पडवीच्या टोकाला आईची भाताची कणगी असते, आणि तिचा आता एकच प्रश्न आहे: कणगी कुठे ठेवायची ते आधी सांग, मग भिंत घाल.