मुलाला वारंवार असह्य अंगदुखी, सांधेदुखी. रिपोर्ट नॉर्मल. आता काय तपासावं?

वडसाची_लेक

नमस्कार. मी भांडुपला राहते. मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. चौथीत असल्यापासून त्याला मधूनमधून अंगदुखीचा झटका येतो. झटकाच म्हणते, कारण संध्याकाळपर्यंत चांगला हिंडता-फिरता असतो आणि रात्री एक-दीडला उठून बसतो. कधी मांड्या, कधी गुडघे, कधी कंबर, कधी दंडाचं हाड. तीन-चार दिवस राहतं आणि जसं आलं तसं निघून जातं. आधी वर्षातून दोन-तीनदा व्हायचं, आता दर दीड-दोन महिन्यांनी होतंय.

गेल्या महिन्यात शाळेची सहल वॉटरपार्कला गेली होती. दिवसभर पाण्यात होता. घरी आला, भात-वरण जेवला, झोपला. रात्री दोनला मोरीकडून काहीतरी खुडबुड ऐकू आली म्हणून मी उठले, तर हा फरशीवर बसलेला, तोंडात टॉवेलचा बोळा. बाबांची पहिली पाळी आहे, त्यांची झोप मोडायला नको म्हणून टॉवेल चावत बसला होता. मांडीला हात लावू देईना. गरम पाण्याची पिशवी दिली तर तेवढी मात्र सोडेना. आधी एकदा कुणीतरी बर्फ लावायला सांगितलं होतं, तेव्हा दुखणं दुप्पट झालं होतं.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वाढीचं वय आहे, कॅल्शियम द्या. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले, स्वच्छ आले. ईएसआर (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) ६, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, म्हणून संधिवात नाही म्हणाले. हिमोग्लोबिन ८.२ आहे. चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, ते जागचं हललं नाही. डोळे अधूनमधून पिवळट दिसतात. कावीळ म्हणून दोनदा झाडपाल्याचं औषधही देऊन झालं.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? सहामाहीच्या वेळी दुखलं तेव्हा पी.टी.च्या सरांनी वर्गासमोर विचारलं, "परीक्षा आली की बरं दुखतं रे तुझं?" तेव्हापासून तो शाळेत दुखलं तरी बोलत नाही.

कोणत्या डॉक्टरांकडे न्यावं? अजून कसली तपासणी करावी? कुणाच्या मुलांना असं झालंय का?

संध्या_गोरेगाव

माझ्या भाचीचे पाय असेच दुखायचे, ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. ते आणि बी-१२ बघून घ्या. तेलाने मालिश करा, डिंकाचे लाडू द्या. काळजी घ्या.

जुईची_आई

ताई, "वाढीचं वय" हे उत्तर मीही दीड वर्ष ऐकलंय, म्हणून लिहिते. वाढीच्या वयातलं म्हणतात ते दुखणं साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना होतं. संध्याकाळी-रात्री दोन्ही पायांच्या पोटऱ्या, मांड्या दुखतात, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जातं. तीन-चार दिवस हात लावू न देणारं दुखणं त्यात बसत नाही.

माझ्या मुलीला अकराव्या वर्षी लहान मुलांचा संधिवात निघाला. हो, तो मुलांनाही होतो. सोळाच्या आत सुरू झाला आणि सहा आठवड्यांहून जास्त राहिला तर ते निदान करतात. तिचं लक्षण म्हणजे सकाळचा ताठरपणा. टूथपेस्टचं झाकण फिरवता यायचं नाही, तास-दीड तासाने बोटं सैल व्हायची. गुडघा सुजून गरम व्हायचा. तुमच्या मुलाला सकाळी जास्त जखडतं का? सांधा सुजतो का? टाच दुखते का? मोठ्या मुलग्यांमध्ये टाचेपासून सुरू होणारा एक प्रकार असतो. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून मुलांचा संधिवात नाही असं ठरत नाही. जुईचाही निगेटिव्हच होता.

मुलांच्या संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतात. आम्ही परळला वाडिया रुग्णालयात दाखवतो. आता आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी, मेथोट्रेक्सेट हे औषध असतं. ते चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं, म्हणून मी कॅलेंडरवर लाल फुली मारते. दर काही महिन्यांनी डोळेही तपासावे लागतात, कारण या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजतो.

लॅबवाली_मावशी

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं रक्ताच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. काही विचारते, राग मानू नका.

नाव वडसाची_लेक घेतलंय, म्हणजे माहेर गडचिरोलीकडचं का? सासर कुठलं? बाळ सहा महिने ते दोन वर्षांचं असताना हातापायाची बोटं सुजली होती का? आता रात्री लघवीला किती वेळा उठतो? शाळेत पाणी किती पितो? आणि त्याला आजवर कधी रक्त चढवलंय का?

वडसाची_लेक

जुईची_आई, सकाळी वेगळं जखडत नाही. दुखणं दिवसभर सारखंच. गुडघा एकदाच थोडा सुजला होता.

मावशी, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. माहेर वडसा, सासर ब्रह्मपुरी. हा वर्षाचा असताना दोन्ही हातांची बोटं फुगली होती, शेवग्याच्या शेंगांसारखी. आम्ही कीडामुंगी चावली समजून हळद लावली, आठवड्याने उतरली. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो. पाचवीपर्यंत अंथरूण ओलं करायचा, त्यावरून मी त्याला मारलंही आहे. शाळेत पाणी पीतच नाही, बाटली भरलेली परत येते. मुतारी इतकी घाण आहे की तो घरी येईपर्यंत दाबून ठेवतो. रक्त कधी चढवलेलं नाही.

लॅबवाली_मावशी

मग ताई, उशीर न करता सिकलसेलची तपासणी करा. आहेच असं मी म्हणत नाही, पण तुमच्या दोन्ही पोस्ट वाचून माझ्या डोक्यात दुसरं नाव येत नाहीये.

या आजारात रक्तातल्या गोल, मऊ लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे हाडाला प्राणवायू पोचत नाही आणि हाड ठणकतं. म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो. थंडी, गार पाणी, पाणी कमी पिणं, ताप, अतिश्रम, यांनी झटका येतो. वॉटरपार्कची रात्र आठवा. बर्फाने वाढलं आणि शेकाने बरं वाटलं, तेही याच्याशी जुळतं. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून हिमोग्लोबिन कमी आणि डोळे पिवळे. तेव्हा लोहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, न बघता देत राहण्यात अर्थ नाही. झाडपाला तर बंदच करा. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून या मुलांना सारखं जावं लागतं आणि अंथरूणही ओलं होतं. त्यात पोराचा दोष नव्हता.

ईएसआरबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिथे भलेभले फसतात. साध्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसून नळीत खाली जातात. वाकड्या पेशींची चवड लागत नाही, म्हणून दुखणं जोरात असतानाही ईएसआर कमीच येतो.

पहिली चाचणी अगदी साधी. सोल्युबिलिटी म्हणतात. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे रेघांचा कागद धरायचा. आरपार रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मी अशा हजारो नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या आहेत. पण मूल नुसतं वाहक आहे (सिकलचं एकच जनुक, स्वतः ठणठणीत) की आजारी, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, लागतेच. रक्त चढवलेलं नाही हे बरं झालं, नाहीतर दुसऱ्याच्या रक्तामुळे रिपोर्टची गल्लत होते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, रक्ताच्या अशाच आजारांवर काम करणारी. केईएमला बालरोग ओपीडीत दाखवा आणि "मूळ गाव गडचिरोलीकडचं" हे तोंडाने सांगा. मुंबईत कुणी आपणहून विचारत नाही.

सीबीसीसोबत (रक्तपेशींच्या मोजणीसोबत) स्मिअरही, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली, बघायला सांगा. मुलाचं हाड दुखतंय आणि रक्त कमी आहे म्हटलं की रक्ताच्या कर्करोगाची शंकाही दूर केलेली बरी.

वडसाची_लेक

मावशी, पण आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आणि गावाकडे तर हा आदिवासींचा आजार असंच ऐकलंय, आम्ही आदिवासी नाही. आत्ताच सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही नाही, तुमच्याकडूनच आलं असणार. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लॅबवाली_मावशी

आजार असेल तर दोन्ही घरांकडून एकेक जनुक आलंय. एकट्या आईकडून सिकलचं एकच जनुक येतं, तेवढ्याने मूल वाहक होतं, आजारी होत नाही. वाहक माणसं तुमच्यासारखीच ठणठणीत असतात. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. हे सासूबाईंना माझ्या नावाने वाचून दाखवा.

आणि जातीचं म्हणाल तर आदिवासींमध्ये प्रमाण जास्त आहे, पण पूर्व विदर्भात इतरही बऱ्याच समाजांत आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे टिकलं, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं. धाकटं भावंड असेल तर त्याचीही तपासणी करा. १ जुलै २०२३ पासून देशाच्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना कळवा, लग्नं ठरायच्या आत.

वडसाची_लेक

अठरा दिवसांनी लिहितेय. रिपोर्ट आला. सिकलसेल, एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची. मी आणि हे दोघंही वाहक. मुलगी, सहावीत आहे, ती वाहकच निघाली, आजारी नाही.

रिपोर्ट घेऊन बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं हा रडेल. तो म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना?" जिन्यात मी त्याला जवळ घेतलं आणि अंथरुणापायी मारलं होतं त्याची माफी मागितली. ह्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. त्या टॉवेलच्या रात्रीबद्दल मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि फोलिक ॲसिड सुरू केलंय, लोह बंद. आता हे औषध, शाळा, सगळं कसं सांभाळायचं? कुणी स्वतः यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

नंदुरबार_ते_ऐरोली

काकू, मी २५ वर्षांचा, एसएस. ऐरोलीत कॉल सेंटरला आहे. मी हायड्रॉक्सियुरिया सतराव्या वर्षी सुरू केलं. त्याआधी जवळजवळ दर महिन्याला पडून असायचो, गेल्या वर्षभरात एकदाच ॲडमिट झालो. फरक पडायला काही महिने जातात, दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून सोडू नका. हे औषध लहान बाळाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी वाकड्या कमी होतात. पण पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सांगतील तेव्हा सीबीसी चुकवू नका.

शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या. बाटली बाकावर ठेवायची परवानगी आणि केव्हाही लघवीला जायची परवानगी, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्या. मुलांची नाही तर शिक्षकांची मुतारी वापरू द्या म्हणावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी आत्ताच अर्ज करा, दहावीला उपयोगी पडेल.

घरी किरकोळ दुखलं तर पाणी, शेक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. पण ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, पोट अचानक फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोकं भयंकर दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. लिंग ताठ होऊन दुखत राहिलं तरीही लगेच जायचं. हे मुलाला बाबांनी आधीच सांगून ठेवावं, लाजेने मुलं बोलत नाहीत. मी बोललो नव्हतो. रिपोर्टचा फोटो तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर असतात, आमच्या चेहऱ्याकडे बघून दुखणं किती आहे ते त्यांना कळत नाही, कारण आम्ही लहानपणापासून गप्प बसायला शिकलेलो असतो.

वडसाची_लेक

बाळा, तुझे खूप उपकार झाले. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. शेजारीच बसलाय. एकच विचारायला सांगतोय, फुटबॉल बंद करावं लागेल का?

नंदुरबार_ते_ऐरोली

डॉक्टरांना विचारून घ्या, पण मी खेळतो, दर रविवारी. त्याला सांगा, दर दहा मिनिटांनी पाणी, दमलं की लगेच बाहेर बसायचं, मित्रांनी चिडवलं तरी. पावसात खेळायचं नाही आणि घामाचा टी-शर्ट अंगावर वाळू द्यायचा नाही, दुसरा बॅगेत हवा. गोलकीपरला पळायला कमी लागतं. मी तिथेच उभा राहतो.