प्रति: संवाद मोठ्याने वाचून पाहा
कथेतले संवाद लिहून झाले की मोठ्याने वाचावेत आणि खटकतं ते बदलावं, हे मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते पटलं. पण कानाला नीट लागणारे संवादही निर्जीव असू शकतात, कारण प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर मिळत जातं. "काल कुठे होतास?" "मित्राकडे." संपलं! त्याऐवजी "काल कुठे होतास?" "तू जेवलीस का?" असं आलं, की तो काहीतरी लपवतोय हे आपोआप कळतं.

शिवाय 'तो चिडून म्हणाला' छापाची शेपटं सरसकट उडवून बघा. मराठीत 'गेले-गेलो'वरून बोलणारी बाई की पुरुष हे बरेचदा कळतं, तू-तुम्हीवरून नातंही. भांडणात 'तुम्ही'चं एकदम 'तू' झालं, की वेगळं 'चिडून' कशाला? तीन-चार पात्रं एकत्र बोलायला लागली, की मात्र ही सोय पुरत नाही. तिथे नावं घ्यावीच लागतात.