अनुभव धागा: चिवावा, पॉमसारखं कुत्र्याचं अगदी छोटं पिल्लू घेताना काय काय तपासता?

खान्देशात हल्ली 'टीकप', 'पॉकेट साइझ' म्हणून पिल्लं विकायला येतात. बरीचशी मुंबई-पुणे, सुरत, इंदूरकडून मागवलेली. पिल्लू हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं, ते जाणकारांनी इथे लिहावं. आमचं पिल्लू कसं गोड, ते दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त रीत, आकडे आणि फसगतीच्या जागा.

तापीकाठ, भुसावळ

टीकप नावाची कुठलीही मान्यताप्राप्त जात नाही, हे आधी पक्कं करा. पूर्ण वाढलेला चिवावा तीन किलोच्या आतबाहेर असतो, खरा पॉमेरेनियन साधारण दीड ते सव्वातीन किलो. त्याहून लहान दाखवायचं तर सहसा दोन वाटा: वय चोरायचं किंवा पिल्लाला उपाशी ठेवायचं.

वय दातांवरून कळतं. दुधाचे सुळे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात, दाढा त्यानंतर. छोट्या जातीत थोडा उशीर होतो, पण दाढांचा पत्ताच नसेल तर "दोन महिन्यांचं आहे" हे खरं धरू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करता आलं तर उत्तमच. वजन थोडं का होईना वाढलेलंच हवं. एकाच वेताची पिल्लं असतील तर सगळ्यांत बारकं उचलू नका. विकणारा नेमकं त्याचेच जास्त पैसे सांगतो.

पशुवैद्यक, जळगाव

वरचं सगळं बरोबर. तपासणी डोक्यापासून करा. चिवावाची टाळू पुष्कळदा भरलेली नसते. बोटाने मऊ खळगा लागतो, आणि तेवढ्यावरून पिल्लू आजारी ठरत नाही. पण डोकं घुमटासारखं फुगलेलं, डोळे खाली-बाहेर वळलेले, पिल्लू एकाच बाजूला गोल गोल फिरतंय, असं असेल तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घ्यायची.

हिरड्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. हिरड्या पांढुरक्या असतील तर कारण बहुधा जंत, गोचीड किंवा पिसवा. पोट जेवल्यावर फुगलं तर ठीक, पण बरगड्या दिसतात आणि पोट कायम टम्म, म्हणजे बहुधा जंत. बेंबीपाशी मऊ गाठ असेल तर हर्निया आहे का ते पाहून घ्या. हृदय स्टेथोस्कोपनेच ऐकावं लागतं, म्हणून व्यवहार "डॉक्टरांनी पास केलं तर" याच अटीवर करा.

गुडघ्याची वाटी सरकणं हा या जातींचा जुना रोग. दोन महिन्यांच्या पिल्लात तो खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आई-बाप चालवून बघा. चालताना मध्येच मागचा पाय उचलून दोन पावलं तीन पायांवर टाकत असतील तर सोडून द्या.

अमळनेरकर

आपल्याकडे ज्याला सर्रास पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो भो. कुत्रा चांगला, तब्येतीला काटक, पण वाढून पाच-सहा किलोच्या पुढे जातो. पैसे पॉमचे मोजू नका. आई बघितली की लगेच कळतं.

केळीपट्टा, रावेर

मागवलेल्या पिल्लाचा खरा घात प्रवासात होतो. एवढ्याशा अंगात साखरेचा साठा नसतो. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दर तीन-चार तासांनी खायला लागतं, आणि मुंबईहून जळगावला यायलाच सात-आठ तास जातात. साखर उतरली की पिल्लू झोकांड्या खातं, थरथरतं, मग झटके. मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. शुद्धीवर आलं की थोडं भरवा आणि तडक दवाखाना गाठा.

पशुवैद्यक, जळगाव

@केळीपट्टा दादा, एक भर. घरी आल्यावर निदान आठवडाभर तेच खाणं द्या जे आधी चालू होतं. एकदम बदललं की हगवण लागते, हगवणीत खाणं सुटतं, आणि पुन्हा साखर उतरते. कांदा-लसूण घातलेली भाजी, भरीत आणि मनुका अजिबात नको.

साक्रीची ताई

गोचिडांसाठी गोठ्यात जनावरांना लावायचं औषध पिल्लाला लावू नका. "थोडंसंच लावलं" म्हणत पिल्लं दगावतात. अमिट्राझ हे गोचिडांवरचं औषध तर चिवावाला मोठेपणीही चालत नाही. कुत्र्यांच्या गोळ्यांनाही वयाची आणि वजनाची खालची मर्यादा असते, पाकीट वाचा. तोवर बारीक कंगवा आणि चिमटा.

धुळे ४२४००१

कागद. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो क्रमांक मागा. लसीच्या कार्डावर नुसती तारीख नको: बाटलीचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. "सगळ्या लसी झाल्या" असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणत असेल तर ते शक्यच नाही.

घरात आधीचं कुत्रं पार्व्होने (रक्ती हगवणीच्या संसर्गाने) गेलं असेल तर विक्रेत्याआधी आपली फरशी बघा. तो विषाणू महिनोन् महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं.

तापीकाठ, भुसावळ

एप्रिल-मेमध्ये शक्यतो आणूच नका. ४४-४५ अंशांत पत्र्याखाली ठेवलेलं पिल्लू तपासायलाही धड राहत नाही, उन्हाने मलूल की आजाराने तेच समजत नाही. घ्यायचंच असेल तर सकाळी सातच्या आत जाऊन बघा. आणि गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. या जातींची श्वासनलिका नाजूक असते. दोरी ताणली की बदकासारखा खोकला सुरू होतो.