हळूपणाचं कारण एईएस नाही

'ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ वर गेल्यापासून सर्व्हर रेंगाळतो, म्हणजे प्रोसेसरचं एईएस (एन्क्रिप्शनची एक पद्धत) झटपट करणारं हार्डवेअर वापरलं जात नसणार' हे वर आलेलं निदान मला पटत नाही. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमधल्या मशीनचं रीडिंग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर मीही आधी तोच संशय धरला होता. वेग मोजणारी 'ओपनएसएसएल स्पीड' ही कमांड चालवून पाहिली, तर डेटाच्या मोठ्या ब्लॉकचे आकडे आधीच्या १.१.१ आवृत्तीइतकेच. दुखणं छोट्या संदेशांत होतं. ३.० पासून हॅशसाठी (डेटाचा ठसा काढण्यासाठी) ईव्हीपी_एसएचए२५६() दिलं की प्रत्येक इनिटला, म्हणजे दर नव्या हॅशच्या सुरुवातीला, लायब्ररी प्रोव्हायडरकडून (अल्गोरिदम पुरवणारा तिचा भाग) अल्गोरिदम नव्याने शोधते, आणि त्यात थ्रेडना एकमेकांसाठी थांबवणारं लॉकही आलं. दोनशे बाइटच्या पाकिटाला हॅशपेक्षा शोधाशोधच महाग, आणि थ्रेड वाढले की आणखी. ईव्हीपी_एमडी_फेच (अल्गोरिदम शोधून आणणारं फंक्शन) सुरुवातीला एकदाच करून मिळालेला पॉइंटर जपून ठेवला, गाडी रुळावर आली.

लिंकिंगची (प्रोग्रामला लायब्ररी जोडण्याची) एरर जुन्या आवृत्तीच्या उरलेल्या फाइलींमुळे येते, या वरच्या म्हणण्याशी मात्र सहमत. फक्त एक भर: ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर सोर्समधून बांधलं तर ३.० लायब्ररीच्या फाइली लिब फोल्डरमध्ये नाही, लिब६४ मध्ये टाकते. प्रीफिक्स (इन्स्टॉलची मूळ जागा) तोच ठेवला की हेडर (फंक्शनांची नावं सांगणाऱ्या फाइली) नवे आणि लिबमध्ये १.१.१ तशीच बसलेली. मग आपण कोडमध्ये कधीच न लिहिलेलं एसएसएल_गेट१_पीअर_सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून लिंकर ओरडतो (आपण लिहिलेलं जुनं नाव नव्या हेडरात नुसता मॅक्रो आहे, तो त्याजागी हे नवं नाव घालतो). माझी अख्खी दुपार यात गेली. बांधणीआधीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला लिबडिर=लिब द्या, किंवा जुन्या फाइली आधी हलवा, आणि शेवटी एलडीडी (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड) लावून तयार बायनरी खरंच ३ ची लिबक्रिप्टो.एसओ.३ ही फाइल उचलते का ते बघा.