मदत हवी आहे: धातूच्या बॉडीचा महागडा फोन घ्यावा का?
नमस्कार मंडळी. २०१३ चा एचटीसी वन हातात घेतला तेव्हापासून अल्युमिनियमच्या अखंड बॉडीचं मला वेड आहे. काचेची पाठ पडली की तडकते, धातूला फार तर पोचा येतो. आता तसाच एक फोन बघितलाय, पण घ्यायचं धाडस होत नाहीये.

धातू रेडिओ लहरी अडवतो, म्हणून अँटेनासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवतात. तरीही फोन मुठीत धरल्यावर रेंज पडते का? माझं दिवसभराचं काम कॉलवरच चालतं, त्यामुळे खरी धास्ती याचीच. धातूच्या पाठीमुळे वायरलेस चार्जिंग नाही, ते चालेल मला. पण चार्जिंगला लावून बोलताना पाठ कितपत तापते? कव्हर घातल्यावर उष्णता आत कोंडते का? वर्षभर वापरलेल्यांनी कृपया सांगा.