मदत हवी: शेवटच्या हातानंतर सगळं पांढरं पडलंय, रविवारच्या आत उपाय सांगा

गोदाकाठचं_घुबड | बुधवार, रात्री ११:५०

सरळ मुद्द्यावर येतो. काळा प्रायमर, त्यावर गडद लाल, मग वॉश (फटीत उतरणारा पातळ गडद रंग), मग ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावावर रंग), सगळं मनासारखं झालं होतं. शेवटचा मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा हात मारला आणि झोपलो. सकाळी बघतो तर पंखांवर भस्म फासल्यासारखा पांढरा थर. छातीवर तर जास्तच. कोरड्या फडक्याने पुसलं, जात नाही. रविवारी संध्याकाळी इंदिरानगरला मित्राकडे शेवटची लढाई आहे आणि हा नसेल तर तिला काही अर्थ नाही. ज्याला खरंच माहीत आहे त्यानेच सांगा. यूट्यूब बघा म्हणू नका, बघून झालंय.

ओलावा_हटाव | गुरुवार, सकाळी ६:१०

हे क्षार आहेत. विटेतलं मीठ ओलीबरोबर बाहेर येतं आणि रंगावर फुलतं. आधी गच्चीची गळती शोधा. पोपडे खरवडा, वॉटरप्रूफिंग करा, मग पुट्टी. पावसाळ्यात भिंतीला हात लावूच नका, दसऱ्यानंतर करा. आमच्या सिडकोतल्या घराला हेच झालं होतं.

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ७:४५

काका, भिंत नाहीये. पंख लिहिलंय मी.

ओलावा_हटाव | सकाळी ७:५२

पंख्यालाही गंज धरतो दमट हवेत.

सातपूरकर | सकाळी ८:०५

अहो धागाकर्ते, नक्की काय रंगवलंय? मोटरसायकल? मूर्ती? लढाई कसली? फोटो टाका. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणालात तर तोही विचारेलच ना कुठे ते.

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ९:२०

ड्रॅगन. वितीएवढा. बाकीची पलटण ३२ मिमीची आहे, ती ठीक आहे. फोटो चढत नाहीये, साइट साइज मोठी म्हणते.

लढाई म्हणजे टेबलावरची, फाशांची. ज्या मालिकेच्या पुढच्या पुस्तकाची वाट बघतोय तिचं नाव घेत नाही, घेतलं की डोकं फिरतं. पाचवं पुस्तक २०११ला आलं, तेव्हा मी नववीत होतो. सहावं अजून येतंय. शेवटी आम्ही मित्रांनी ठरवलं की लेखक संपवत नसेल तर आपण संपवू. पात्रं रंगवायची, टेबलावर मांडायची, फाशे टाकायचे, जो जगेल तो राजा. आता कळलं? उपाय सांगा.

थर_पे_थर | सकाळी ९:४१

थ्रीडी प्रिंट आहे का? रेझिन? असेल तर माझा थेट संशय क्युअरिंगवर, म्हणजे यूव्ही प्रकाशात रेझिन कडक करण्यावर. प्रिंट काढल्यावर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट धुतलं होतं का? यूव्हीखाली किती वेळ ठेवलं? नीट न धुतलेल्या रेझिनवर पांढरट थर येतोच. बोट लावून बघा, चिकट लागतंय का. सगळे लोक रंगाला दोष देतात, खरा घोळ धुण्यात असतो.

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ९:५५

रेझिनच आहे. चिकट नाही. आणि पांढरं मॅटनंतर आलंय, रेझिनवर नाही, रंगावर आलंय.

थर_पे_थर | सकाळी ९:५८

तरी एकदा यूव्ही दिवा मारून बघा.

शून्य_नंबर_ब्रश | सकाळी १०:३०

जरा थांबा सगळे. घुबडराव, तीन गोष्टी सांगा. मॅट स्प्रे कॅनचा होता की ब्रशचा? कुठे मारला? आणि किती वाजता?

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ११:१५

कॅन. गॅलरीत. रात्री दहाच्या सुमारास, घरात वासाने आई ओरडते म्हणून बाहेर. त्याचा काय संबंध?

शून्य_नंबर_ब्रश | सकाळी ११:२२

परवा रात्री गंगापूर रोडला पाऊस चालू होता. तुमच्याकडे?

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ११:२४

होता. पण आत उडत नव्हता. ड्रॅगन भिजला नाही.

शून्य_नंबर_ब्रश | सकाळी ११:५०

भिजायची गरज नसते. कॅनमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि वाळत्या थरात अडकतं. तेच तुम्हाला पांढरं दिसतंय. दुसरं कारण म्हणजे कॅन पुरेसा न हलवणं. मॅट दिसण्यासाठी त्यात जी पूड असते ती तळाशी बसते, मग कुठे नुसतं वार्निश पडतं तर कुठे नुसती पूड. तिसरं कारण, लांबून मारणं. थेंब हवेतच वाळतात आणि धुळीसारखे जाऊन बसतात.

यातलं नेमकं काय झालंय ते कळायला एक सोपी परीक्षा आहे. ओल्या ब्रशने पांढऱ्या भागावर पाणी लावा. ओलं असेपर्यंत पांढरं गायब होतंय का ते बघा आणि इथे लिहा. तोवर कुणाचाही दुसरा उपाय करू नका.

पॉलिशवाला_अंबड | दुपारी १:०५

आमच्या फर्निचरच्या धंद्यात याला ब्लशिंग म्हणतात, पावसाळ्यात रोजचं आहे. लॅकर मारताना थिनरमध्ये थोडं रिटार्डर टाकायचं, थर हळू वाळतो, पांढरं येत नाही. आलंच तर वरून हलका एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरचा फवारा मारायचा, थर पुन्हा मोकळा होतो आणि बाष्प निघून जातं. पाच मिनिटांचं काम.

शून्य_नंबर_ब्रश | दुपारी १:०९

नका हो नका! लाकडावरच्या लॅकरला ते चालतं. इथे खाली पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग आहेत. एनसी थिनर पडलं की लाल, काळं, वॉश, ड्रायब्रश सगळं एकत्र वाहून येईल.

पॉलिशवाला_अंबड | दुपारी १:३०

हलका फवारा म्हणालो मी. वीस वर्षं करतोय.

शून्य_नंबर_ब्रश | दुपारी १:३३

कपाटांवर.

मावशी_वाचतात | दुपारी २:१०

मला रंगाचं कळत नाही, पण मुळात हे लेखकावर रागावणं पटलं नाही. लेखक काय आपला नोकर आहे का? सुचेल तेव्हा लिहील. घाईने लिहून वाट लावण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

उन्हाळ_कांदा | दुपारी २:२५

मावशी, पाच जाडजूड पुस्तकं विकत घेऊन वाचली त्याचं काय? पहिल्या पानावर "शेवट मिळेलच असं नाही" लिहिलं असतं तर घेतलीच नसती. दुकानदार अर्धं किराणा देऊन म्हणाला बाकीचं सुचेल तेव्हा, तर चालेल का?

मावशी_वाचतात | दुपारी २:४०

कथा म्हणजे किराणा नव्हे. आणि विकत कशाला घ्यायची? आपल्याकडे सावाना आहे, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासूनचं. तिथे इतकी पूर्ण झालेली पुस्तकं आहेत की जन्म पुरणार नाही.

सातपूरकर | दुपारी २:५१

टीव्हीवर शेवट दाखवला की २०१९ला. विषय संपला.

गोदाकाठचं_घुबड | दुपारी २:५२

तो शेवट आम्ही धरत नाही.

उन्हाळ_कांदा | दुपारी २:५२

तो शेवट कुणीच धरत नाही.

शून्य_नंबर_ब्रश | दुपारी ३:००

पाण्याचं काय झालं घुबडराव?

गोदाकाठचं_घुबड | दुपारी ३:०२

ऑफिसात आहे. घरी गेल्यावर.

देशी_जुगाड | संध्याकाळी ५:१५

इतकं कशाला? खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पांढरं क्षणात जातं, स्वतः करून बघितलंय. घरात असतंच.

शून्य_नंबर_ब्रश | संध्याकाळी ५:४०

दिसायला जातं, कारण तेल त्या बारीक खडबडीत भेगा भरतं. पण त्यानंतर वर दुसरं वार्निश धरणार नाही आणि धूळ मात्र कायमची चिकटेल. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात निफाडची थंडी सुटली की ड्रॅगन पुन्हा पांढरा.

देशी_जुगाड | संध्याकाळी ५:४४

मग तिळाचं लावा.

शाडूप्रेमी | संध्याकाळी ६:०५

रेझिन, प्लास्टिक, स्प्रे, सगळंच पर्यावरणाला घातक. शाडूचा ड्रॅगन करा. नैसर्गिक रंग. खेळ झाला की बादलीत विसर्जन.

गोदाकाठचं_घुबड | संध्याकाळी ७:५०

घरी आलो. पाणी लावलं. पंखांवरचं पूर्ण गायब झालं, लाल एकदम पहिल्यासारखा दिसला, वाळल्यावर परत पांढरा. छातीवर मात्र ओलं असतानाही पांढरट दिसतंय आणि बोटाला बारीक रव्यासारखं खरखरीत लागतंय. आता?

शून्य_नंबर_ब्रश | रात्री ८:१५

छान, म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत.

पंखांवर ब्लशिंग. त्यावर ब्रशने लावायचं पाण्यातलं ग्लॉस वार्निश घ्या. पातळ हात, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. पाण्याने जे झालं तेच वार्निश कायमचं करेल. ड्रॅगन चकचकीत दिसेल, घाबरू नका. वरून ब्रशचंच मॅट लावा. कॅनला पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका.

छातीवर हवेत वाळलेले थेंब बसलेत. मऊ, कोरडा टूथब्रश घेऊन न दाबता गोल गोल फिरवा. जेवढं सुटेल तेवढं सुटू द्या. मग ग्लॉसचा हात. तरी खवल्यांच्या फटीत पांढरं उरलं तर तिथे गडद तपकिरी वॉश सोडा, पोटाखालची सावलीच वाटेल. उठावाच्या जागी मूळ लाल पुन्हा ड्रायब्रश करा.

गोदाकाठचं_घुबड | रात्री ८:२१

ब्रशचं ग्लॉस वार्निश नाशकात मिळेल का? ऑनलाइन मागवलं तर सोमवारी येईल असं दाखवतंय.

सातपूरकर | रात्री ८:३०

कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत कलेचं सामान असतं. कॅम्लिन किंवा फेविक्रिलचं अ‍ॅक्रिलिकवर लावायचं वार्निश विचारा. कॉलेज रोडला बघा आधी. मेन रोडला गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.

शून्य_नंबर_ब्रश | रात्री ८:३४

चालेल. बाटलीवर पाण्यातलं लिहिलंय ना ते बघा. टर्पेंटाइनवालं नको. आणि आधी ड्रॅगनच्या शेपटीखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे लावून बघा.

आखणीकार | रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पंचवटीत गणपती रंगवतो, सध्या मरणाची गडबड आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. श्रावणात मूर्ती वाळता वाळत नाहीत, आम्ही हॅलोजन लावून खोली गरम करतो, मग गन चालवतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज सोडावं लागतं, नाहीतर रंगाबरोबर तेही मूर्तीवर उडतं. तुमचा कॅन मारायचाच असेल तर गरम, कोरड्या खोलीत मारा. ड्रॅगन थोडा वेळ हॅलोजनसमोर ठेवा.

पण मला विचारायचंय वेगळंच. डोळे आखलेत का? अंगाचा रंग हुकला तर लपवता येतो, नजर हुकली की मूर्ती गेली. आधी पूर्ण डोळ्याची जागा गडद करा, मग आत पांढरा, पण शुभ्र नाही, किंचित पिवळसर. कडेला गडद रेघ आपोआप उरते, वेगळी काढावी लागत नाही. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा, कोपर टेबलावर, श्वास सोडून थांबा आणि एकाच झटक्यात बाहुली उतरवा. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्ही डोळे टप्प्याटप्प्याने सोबत न्या, नाहीतर तिरळा होतो.

थर_पे_थर | रात्री १०:५२

हॅलोजनसमोर रेझिन नको! पातळ पंख तापले की मऊ पडतात आणि वाकतात. मूर्तीचं प्लास्टर वेगळं.

आखणीकार | रात्री १०:५५

बरोबर, रेझिन माझ्या डोक्यात नव्हतं. लांबूनच ठेवा मग, पंख्याचा वारा बरा.

ओलावा_हटाव | रात्री ११:०२

पंख्याचं मी सकाळीच म्हणालो होतो.

गोदाकाठचं_घुबड | शुक्रवार, रात्री ११:३०

वार्निश मिळालं. पंखांवर दोन हात दिले, पांढरं गेलं. शिरा पण दिसायला लागल्यात ज्या आधी दिसत नव्हत्या. छाती टूथब्रशने बरीच सुटली, फटीत वॉश सोडला. पोटाखाली एका जागी अजून पांढरं आहे, तिथे भाल्याची जखम दाखवतोय. कथेत तशी जखम नाहीये, पण कथा आता आमचीच आहे.

आखणीकारदादा, डोळे पिवळे आहेत, बाहुली उभी रेघ. तुमच्या पद्धतीने उद्या सकाळी करतो. मनगटं टेकवायचं कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मावशी_वाचतात | शनिवार, सकाळी ७:१०

छान झालं. पण लेखकाचं सहावं पुस्तक उद्या आलं आणि त्यात ड्रॅगन मेला तर?

उन्हाळ_कांदा | सकाळी ७:१४

मावशी, उद्या येत नाही. निवांत चहा घ्या.

गोदाकाठचं_घुबड | सकाळी ८:००

आलं तर घेईन की. पहिल्याच दिवशी. पण रविवारी फाशांनी जो ठरेल तोच आमचा राजा.

पॉलिशवाला_अंबड | सकाळी ९:२५

थिनरने पाच मिनिटांत झालं असतं.

सातपूरकर | सकाळी ९:४०

अवांतर: आखणीकारदादा, घरच्या मूर्तीचा एक कान गेल्या वर्षी दुखावला होता, तशीच जपून ठेवलीय. तुम्ही दुरुस्ती घेता का, की आता गर्दीत नको? गणपतीनंतर आणली तरी चालेल.